सासवण्याचं शिल्पालय

लालबाग-परळच्या कार्यशाळांत गणपती घडताना पाहायला तुमची पावलं थबकतात ना? मग अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याचं शिल्पालय एकदा गाठाच.

शिल्पकार विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांचा जन्म इथलाच, १८९१चा. लहानपणी त्यांनी गावच्या राममंदिरात शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या ते नजरेस पडलं आणि मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मिळाली. पुण्यातला १९२८चा अश्वारूढ शिवपुतळा करमरकरांचाच. तो प्रचंड पुतळा एकसंध ओतला गेला, आणि तोही आपल्या मुंबईतल्या माझगावात!

त्यांचं गावातलं घर आता संग्रहालय आहे. आवारातली म्हैस इतकी हुबेहूब, की पाहणारा क्षणभर फसतोच. आत ‘शंखध्वनी’ आहे, ‘मत्स्यगंधा’ आहे. मला मात्र थोरामोठ्यांच्या पुतळ्यांपेक्षा त्यांनी घडवलेली साधी, कष्टकरी गावची माणसं जास्त जवळची वाटतात. त्या चेहऱ्यांपाशी सावकाश थांबा.

गेटवेहून लाँचने किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरा. तिथून सासवणे रिक्षाने जवळच. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, एवढं ध्यानात ठेवा.