नवी यंत्रे आणि आपण गृहिणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी त्यांना हातच जोडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या गावची मराठी शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढे रोज तालुक्याला पाठवायला वडील तयार नव्हते. हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापलीकडे चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. पण बाई म्हणाल्या, "कुकर, मिक्सर, मोबाइल यांवर तुम्ही एरवी आम्हाला जे ऐकवता, तेच इथे सांगा." म्हणून उभी राहिले आहे. व्याख्यान म्हणून ऐकू नका, शेजारणीच्या गप्पा म्हणून ऐका.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा स्वयंपाकघरात यंत्र म्हणावे असा एक कुकर तेवढा होता. वाटण पाट्यावर, दळण गिरणीत, ताक रवीने. आज मोजून पाहिले तर मिक्सर, फ्रीज, धुलाईचे यंत्र, इस्त्री, विजेची शेगडी आणि माणशी एक मोबाइल. पूर्वीचे ते सारे चांगले होते असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पाट्यावरच्या चटणीची चव निराळी, हे खरे. पण ती चव खाणाऱ्याला लागते आणि खांदे वाटणारीचे दुखतात, हेही तितकेच खरे. यंत्रे आली हे फार चांगले झाले. माझे म्हणणे इतकेच की, आपण यंत्र वापरायला शिकतो आणि ओळखायला शिकत नाही.

कुकरचेच घ्या. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांवर उकळते आणि त्याहून अधिक तापत नाही. कुकरात वाफ कोंडली जाते, त्यामुळे तेच पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते आणि डाळ लवकर शिजते. म्हणजे शिट्टी ही काही शोभेची वस्तू नव्हे, आतला दाब हद्दीत ठेवणारी ती राखणदारीण आहे. तिच्या भोकात भाताचा कण अडकला तर दुसरा आधार झाकणावरच्या सुरक्षा-झडपेचा. आपल्यापैकी कितीजणींनी ती झडप कधी पाहिली आहे? गॅस्केट कडक झाले, की आपण ते ताणून, उलटेसुलटे करून आणखी सहा महिने चालवतो. साडीच्या दुकानात सढळ असणारा आपला हात गॅस्केटच्या दुकानात का आखडतो, हे मला अजून उमगलेले नाही.

फ्रीजवरच्या ताऱ्यांचेही तसेच. पाच तारे दिसले, की आपण खूश! पण ते तारे एकाच प्रकारच्या आणि एकाच आकाराच्या फ्रीजांची तुलना करण्यासाठी असतात. शिवाय त्यांचे निकष मधून मधून कडक होतात, म्हणून त्या चिठ्ठीवर साल छापलेले असते. ते साल आणि वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा, या दोन गोष्टी वाचल्या म्हणजे विक्रेत्याचे निम्मे बोलणे ऐकावे लागत नाही.

आता मोबाइलकडे वळते. आपल्या देशात मोबाइलवरून पहिले बोलणे 31 जुलै 1995 रोजी झाले, कलकत्त्याहून दिल्लीला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. तेव्हा मी गावात शेण्या थापत होते! आज भाजी घेतली तरी पैसे मोबाइलवरून देते. 2016 साली यूपीआय सुरू झाले आणि सुट्या पैशांवरून होणारी भांडणे मिटली.

या मोबाइलात ब्राउझर नावाची एक गोष्ट असते. आमच्या घरी हे त्याला 'गूगल' म्हणतात, सासूबाई 'नेट' म्हणतात, आणि मीही बरीच वर्षे हे सगळे एकच समजत होते. आमच्या धाकटीने मला एकदा नीट समजावले. ती म्हणाली, "आई, ब्राउझर म्हणजे रिक्षा. ती तुला ठिकाणावर नेते. संकेतस्थळ म्हणजे ज्या घरी जायचे ते घर. आणि शोधायची जी जागा असते, ती म्हणजे नाक्यावर उभा असलेला पत्ता सांगणारा माणूस." मला हे लगेच पटले. पहिली रिक्षा 1990 साली टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनी स्वित्झर्लंडमधल्या संशोधन संस्थेत बनवली. मग कितीतरी आल्या आणि गेल्या. इंटरनेट एक्सप्लोरर नावाची एके काळी घरोघरी होती, ती 15 जून 2022 रोजी कंपनीने निवृत्त केली. क्रोम 2008 साली आली आणि आता बहुतेक मोबाइलांत आधीपासून घातलेलीच येते. धाकटीला फायरफॉक्स आवडते, कारण त्यात जाहिराती अडवणारी जोडणी मोबाइलवरही बसवता येते. मला विचाराल तर रिक्षा कोणती यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. अक्षरे मोठी करता यावीत, मराठी दिसावी, आणि वेळोवेळी ती सुधारून घ्यावी, एवढे पुरे. खरी काळजी घ्यायची ती नाक्यावरच्या माणसाची. ही गोष्ट मी कशी शिकले, ते आता सांगते. मंडळात आजवर एकदोघींनाच ते ठाऊक आहे.

गेल्या वर्षीच्या होळीची गोष्ट. घरी नणंदेचे कुटुंब आलेले, जेवायला अकरा माणसे. पुरण शिजले होते आणि मी ते मिक्सरमध्ये फिरवीत होते. दोन भांडी झाली, तिसऱ्याला मिक्सर घुर्र करून जो थांबला तो थांबलाच. सणाचा दिवस, आमच्या दुरुस्तीवाल्याचे दुकान बंद. मी मोबाइल घेतला आणि त्यात बोलले, "मिक्सर दुरुस्ती नंबर." पहिलेच नाव आले, त्याखाली नंबर. वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले होते. ते मी वाचले नाही, आणि वाचले असते तरी त्या दिवशी मला त्याचा अर्थ कळला नसता. त्याचा अर्थ असा, की नाक्यावरच्या माणसाला कोणीतरी पैसे दिले आहेत आणि म्हणून तो त्याचे नाव आधी सांगतो आहे. पैसे देणारा सज्जनही असू शकतो, चोरही असू शकतो.

पलीकडचा माणूस फार गोड बोलला. दहा रुपये भरून तक्रार नोंदवा, तासाभरात माणूस येतो, म्हणाला. त्यासाठी एक ॲप उतरवून घ्यायला लावले. विचारील त्या प्रत्येक गोष्टीला मी 'परवानगी द्या' म्हणत गेले, कारण माझे लक्ष शेगडीवरच्या दुधाकडे होते. त्या ॲपमुळे माझ्या मोबाइलचा पडदा त्याला तिकडे दिसत होता, हे मला मागाहून कळले. मी दहा रुपये पाठवले, पिन घातला. पाव तासात खात्यातून तीन वेळा पैसे गेले. 9,000, पुन्हा 9,000 आणि मग 6,000. एकूण 24,000 रुपये.

मैत्रिणींनो, ते पैसे यांच्या पगारातले नव्हते. भाजणी, मेतकूट आणि चटण्या विकून मी दोन वर्षांत साठवलेले होते. धाकटीच्या नर्सिंगच्या पहिल्या फीसाठी ते बाजूला ठेवले होते.

मी काय केले? काही नाही. मोबाइल उताणा ठेवला, माळ्यावरचे सासूबाईंचे जुने पुरणयंत्र काढले, घासले, आणि उरलेले पुरण त्यातून काढले. पोळ्या लाटल्या, वाढल्या. नणंद म्हणाली, "वहिनी, यंदा पुरण अगदी मऊ झालंय." मी हसलेसुद्धा. रात्रभर एकच विचार मनात होता: हे कळले तर घरात म्हणतील, सातवी शिकलेल्या बाईच्या हाती मोबाइल कशाला द्यावा?

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे गेले आणि सासूबाईंनी मला विचारले, "काल पुरणयंत्र का काढलंस? आणि जेवली का नाहीस?" मग मात्र मला राहवले नाही. सगळे सांगून टाकले. त्या रागावतील असे वाटले होते. त्या क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "पैसे गेले ते चोराने नेले. पण रात्र गेली ती तू घालवलीस. घरात चोर शिरला असता तर ओरडली नसतीस का?"

धाकटीने तेव्हाच 1930 या नंबरवर फोन लावला. असल्या फसवणुकीची तक्रार नोंदवण्यासाठी सरकारने तो नंबर ठेवला आहे. तक्रार वेळेवर गेली तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच ते अडवता येतात. यांनी बँकेत जाऊन खाते थांबवले. मला वाटले होते हे बोलतील, पण परत आल्यावर यांनी एवढेच विचारले, "पुढच्या वेळी मला सांगशील ना?" आमची तक्रार एक दिवस उशिरा पोचली होती. तोवर बहुतेक पैसे पुढे निघून गेले होते. 7,000 अडवले गेले, ते काही महिन्यांनी परत मिळाले. 17,000 गेले ते गेले. जूनमध्ये माझ्या कानातल्या रिंगा गहाण ठेवून फी भरली. दिवाळीनंतर त्या सोडवल्या. या आज घातल्या आहेत त्याच.

आणि मिक्सर? होळीनंतर आमचा नेहमीचा दुरुस्तीवाला आला. त्याने मिक्सर उलटा केला, बुडाशी असलेले एक लाल बटण दाबले, आणि मिक्सर सुरू! म्हणाला, "वहिनी, बिघडलाच नव्हता. भार जास्त झाला, की मोटर जळू नये म्हणून हा आपणहून थांबतो. थोडा वेळ निवू द्यायचा आणि बटण दाबायचे." त्याने एक पैसाही घेतला नाही. वीस वर्षे तो मिक्सर मी रोज पुसत होते, पण कधी उलटा करून पाहिला नव्हता. माणसालाही असे एक बटण असते तर बरे झाले असते. घाई फार झाली की आपणहून थांबावे, निवावे, मग पुढे जावे.

आता चार गोष्टी, ज्या मला महागात पडून कळल्या. पहिली, दुरुस्तीचा नंबर शोधू नका; तो वस्तूच्या पावतीवर नाहीतर हमीपत्रावर असतो. पावत्या एका पिशवीत ठेवा. दुसरी, पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही. पिन घातला, की पैसे आपल्याकडून जातात. तिसरी, ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप दिसले म्हणजे पलीकडचा माणूस प्रामाणिक, असे समजू नका. कुलपाचा अर्थ एवढाच, की वाटेत कोणी तुमचे बोलणे ऐकत नाही. चोराच्या घरालाही कुलूप असतेच! लोकांचा हा गैरसमज होतो म्हणून क्रोमने 2023 साली ते चित्रच काढून टाकले. चौथी, 'परवानगी द्या' असे विचारले की आधी 'नाही' म्हणा. जरूर असेल तर नंतर देता येते. आपण बायका घरात सगळ्यांना हो म्हणत आलो. मोबाइलला तरी नाही म्हणायला काय हरकत आहे?

शेवटी मंडळापुढे एक विनंती. हे भाषण देऊ की नको, याचा मी आठ दिवस विचार केला. फसलेल्या बाईला आधी लाज वाटते आणि त्या लाजेच्या आधाराने चोर दूर निघून जातो. माझ्या शिक्षणाचा यात काही संबंध नव्हता, हेही मला पुढे कळले. बँकेत माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ निवृत्त मास्तर होते आणि त्यांचे माझ्याहून अधिक गेले होते. तेव्हा दर महिन्याच्या सभेत शेवटचा अर्धा तास आपण अशा गोष्टींसाठी ठेवावा. जिला जे समजत नाही ते तिने विचारावे, जी फसली तिने सांगावे, आणि कोणीही हसू नये. फळ्याच्या कोपऱ्यात 1930 हा आकडा आजपासून लिहून ठेवावा. खडू मी आणला आहे.

 बोलण्यात काही चुकले असेल तर पदरात घ्यावे. घरी गेल्यावर मात्र आधी मिक्सर उलटा करून पाहा!