शुभेच्छांच्या ठरावाला माझा विरोध



अध्यक्षाने गोड बोलून हार घ्यावा, असा रिवाज आहे. हार मी घेतला. गोड बोलणे जमणार नाही, कारण विषयपत्रिकेवर ‘जागतिक धर्मसंवादाला शुभेच्छा’ देणारा एक ठराव आहे. शुभेच्छांना पदरचा पैसा लागत नाही, म्हणून तो एकमताने मंजूर होईल. माझा त्याला विरोध आहे.

धर्माधर्मांचे सहकार्य आपल्याला नवे नाही. युनिटेरियन आणि इतर उदारमतवादी धर्मपंथांची आंतरराष्ट्रीय परिषद १९०० साली बोस्टनला स्थापन झाली. १९०३ च्या तिच्या ॲमस्टरडॅमच्या अधिवेशनात जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचत होते. प्रार्थना समाजाचा हा माणूस युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षे शिकला. वाटखर्च सयाजीराव गायकवाडांनी दिला.

‘परक्यांचा पैसा म्हणजे बाटवाबाटवी,’ असे मघाशी मांडवाबाहेर कुणी म्हणाले. साफ खोटे. युनिटेरियन येशूला ईश्वर मानत नाहीत, त्यांना देव एकच. शिंदे गेले प्रार्थना समाजाचे आणि परतले तेही प्रार्थना समाजाचेच.

शिंदे परतले आणि समाजाचे प्रचारक झाले. पण ॲमस्टरडॅमच्या आठवणी सांगत ते गिरगावात समाजाच्या मंदिरात बसले नाहीत. १९०५ साली नगरजवळच्या भिंगारला अस्पृश्यांच्या रात्रीच्या सभेत जाऊन बसले. १८ ऑक्टोबर १९०६ ला परळला ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’ची पहिली शाळा उघडली. आमच्या सभ्य सुधारकांना निबंध पचला होता. अस्पृश्यांची शाळा पचायला जड गेली. १९१० साली शिंद्यांनी समाजाचे प्रचारकपद सोडले. ॲमस्टरडॅमच्या त्या परिषदेचे मोल मी परळच्या शाळेवरून करतो, निबंधावरून नाही.

आता आपल्याकडे, कर्जतकडे वळतो. भोर घाटाची रेल्वे १८६३ ची, प्रार्थना समाज १८६७ चा. म्हणजे पहिल्या दिवसापासून मुंबई-पुण्याची सुधारक मंडळी आपल्याच फलाटावरून ये-जा करत होती. घाट चढायला मागे इंजिन लावेपर्यंत गाडी कर्जतला थांबते, तेवढ्यात वडा खाऊन होतो. पण समाजाचे मंदिर इथे कुणी पाहिले आहे का? हात वर करा. खालापूरच्या मंडळींनीही करा. बघा, एकही नाही!

उलट खासी-जैंतिया टेकड्यांत पाहा. तिथे १८८७ मध्ये जोवाईला हाजोम किसोर सिंग यांनी युनिटेरियन उपासना सुरू केली. तो पंथ कुणी मिशनरी घेऊन आला नव्हता. विचार त्यांना स्वतःच पटला, परदेशाशी पत्रव्यवहार त्यांनी केला आणि उपासना चालवली ती खासी भाषेत. ती मंडळी आजही टिकून आहेत. आमचा उदार धर्म मात्र शिकलेल्या चार घरांत राहिला.

नुसत्या शब्दांचा उपयोग किती, ते आपण जवळच पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, यंत्रे वर जाईनात. चिखलाची चढण पायी चढून माणसांनी हातांनी माती उपसली. श्रद्धांजलीचे संदेश मात्र रस्त्याविना पोचले.

आणि आम्ही काय ठरवतो आहोत? शुभेच्छा द्यायच्या, कर्जतच्या एखाद्या वातानुकूलित फार्महाउसवर सर्वधर्म परिषद भरवायची, पाहुण्यांना शाली घालायच्या. त्या फार्महाउसच्याच रस्त्याने दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. मुले बरोबर जातात आणि त्यांची शाळा तिथेच सुटते. परिषदेतल्या कुणाला त्या मुलांना भेटावेसे वाटेल?

म्हणून मूळ ठराव मागे घ्यावा. त्याऐवजी माझा ठराव असा: परिषदेसाठी जमलेला निधी भट्टीवरच्या मुलांच्या वर्गांना द्यावा, आणि कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने आठवड्याला एक संध्याकाळ तिथे शिकवावे. अध्यक्षाने ठराव मांडायचा नसतो, हे मला माहीत आहे. तरी सूचक मीच. अनुमोदक कोण? नाव मोठ्याने सांगा, इतिवृत्तात लिहायचे आहे.