प्रकाशाचा हिशेब आणि पिवळी काच



ऊन कसे राबवावे हे वसईकराला शिकवावे लागत नाही. मिठागरात उन्हावर मीठ पिकते, अर्नाळ्याला बोंबील सुकतात, केळ्यांची सुकेळी होते. या सर्व कामांत आपण उन्हाची ऊब वापरतो. उन्हापासून थेट वीज करायची, तर मात्र उबेचा हिशेब उपयोगी पडत नाही. तेथे निराळा हिशेब आहे.

सेमीकंडक्टर म्हणजे धातूसारखा सढळ नव्हे आणि काचेसारखा हटवादीही नव्हे, असा पदार्थ. त्याच्यातील इलेक्ट्रॉन जणू खालच्या मजल्यावर जखडलेले असतात. वरच्या मजल्यावर गेले, तरच ते हिंडू लागतात व वीज वाहते. या दोन मजल्यांमधील उंचीला बँड गॅप म्हणतात, आणि ती इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. प्रकाश कणाकणाने येतो. तांबड्या कणाजवळ सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्ती असते, जांभळ्याजवळ सुमारे ३.१. ज्या कणाची शक्ती उंचीला पुरते, तो शोषला जातो. जो कमी पडतो, तो आरपार जातो. दोन दुबळ्या कणांनी एकजूट करून एक इलेक्ट्रॉन वर चढवावा, असे साध्या उन्हात घडत नाही. प्रकाशकणांची युनियन नसते!

यावरून रंगाचा उलगडा होतो. कॅडमियम सल्फाइडचा बँड गॅप सुमारे २.४ आहे. तो निळा-जांभळा प्रकाश गिळतो, उरलेला सोडतो, म्हणून पिवळा दिसतो. शिसे-सल्फाइडचा अवघा ०.४, तो सगळेच गिळतो, म्हणून काळा. झिंक सल्फाइडचा ३.६ च्या आसपास. डोळ्यांना दिसणारे काहीच तो गिळत नाही, म्हणून त्याला रंग नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. तेथे प्रा. सी. डी. लोखंडे यांच्यासारख्या संशोधकांनी असे पातळ थर साध्या रासायनिक द्रावणात काच बुडवून तयार करण्याच्या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले. १९९१ साली लोखंडे यांनी या पद्धतीचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला, आणि जगभरचे अभ्यासक त्याचा आधार घेतात. कॅडमियमचे क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया यांच्या कोमट द्रावणात काच ठेवली, की तिच्यावर पिवळा थर चढतो. महागडी निर्वात यंत्रे लागत नाहीत. ज्या देशाजवळ पैसा थोडा आणि हात पुष्कळ, त्याला ही रीत सोयीची.

परंतु पिवळे दिसले म्हणजे मोजमाप झाले, असे नव्हे. पावसाच्या डबक्यावर रॉकेलचा तवंग जसे रंग दाखवतो, तसे पातळ थरही आपल्या जाडीमुळे फसवे रंग दाखवतात. म्हणून एकेका रंगाचा प्रकाश थरातून पाठवून किती शोषला गेला ते मोजतात, त्याचा आलेख काढतात, आणि त्याची सरळ बाजू खालच्या रेषेपर्यंत वाढवतात. ती जेथे टेकते तो बँड गॅप. चेक शास्त्रज्ञ यान टाउट्स व सहकाऱ्यांनी १९६६ साली रूढ केलेली ही वाट आहे. थरातील कण फार बारीक असले, तर गॅप वाढतो. भट्टीत तापवून कण मोठे झाले, की तो उतरतो.

वीज करण्यासाठी गॅप फार लहान असेल, तर दाब कमी मिळतो. फार मोठा असेल, तर बहुतेक ऊन वाया जाते. शॉकली आणि क्वायसर यांनी १९६१ साली हा मेळ गणिताने घातला. एकाच गॅपच्या साध्या सौरघटाला उन्हाच्या शक्तीचा सुमारे एक-तृतीयांशच भाग विजेत बदलता येतो, असे त्यातून निघते. कॅडमियम टेल्युराइडचा सुमारे १.५ हा गॅप या कामाला चांगला जुळतो, आणि त्याचा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा थर पुरतो. त्याच्यावर खिडकी म्हणून कित्येक वर्षे आपला पिवळा थरच बसवीत आले.

विद्वान विचारतील, कामगार चळवळीतल्या माणसाला ही उठाठेव कशाला? उत्तर कॅडमियम या नावातच आहे. त्याची धूळ आणि वाफ फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक आहे. ते कर्करोगही करते. जपानच्या तोयामा भागात खाणीतले कॅडमियम नदीत उतरले, भातात गेले, आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली. सरकारने ते कारण १९६८ साली मान्य केले. काचेत बंद असलेला थर गच्चीवर कोणाला धोका देत नाही. धोका आहे तो बनवणाऱ्याला, फोडणाऱ्याला, आणि सांडपाणी जिकडे वाहते तिकडच्या गावाला. आपल्या घरांवरील बहुतेक पाट्या सिलिकॉनच्या आहेत हे खरे. परंतु त्यांच्या जोडांतही बहुधा शिसे असते. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पाट्या आल्या आहेत. नियम कागदावर आले, तरी पाटी मोडायला बसेल तो आपलाच मुलगा असेल.

तेव्हा वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांत राबणाऱ्या प्रत्येकाला पिंपात काय आहे, ते काय करते आणि त्यापासून कसे जपायचे, हे मराठीत सांगितले गेले पाहिजे. मागणी करताना मजुरीच्या आकड्याइतकाच हा आकडाही आपल्याला पाठ हवा. जो पदार्थ आपण हाताळतो, त्याचे शास्त्र समजून घेणे हा कामगाराचा हक्क आहे. उन्हाची वीज सर्वांना हवी. तिच्यासाठी कोणाचे मूत्रपिंड गहाण पडता कामा नये.