ओट्याचा दगड

चुलीपुढे बसून स्वयंपाक करण्याचा प्रघात मागे पडला, गॅसची शेगडी आली आणि गृहिणी उभी राहिली. तेव्हापासून ओटा हे स्वयंपाकघराचे मुख्य अंग झाले. दांडिया बाजारातला जुना वाडा दुरुस्त करावयाचा असो की बडोद्याच्या नव्या वस्तीतले बिऱ्हाड मांडावयाचे असो, ओट्याला दगड कोणता घालावा, हा प्रश्न एकदा पुढे येतोच. पुष्कळदा त्याचा निकाल रंगावर लागतो. वास्तविक दगडाची पारख त्याच्या गुणांवरून व्हावी.

मराठी स्वयंपाकात आंबटाचे प्रस्थ मोठे. चिंच, कोकम, लिंबू, ताक यांपैकी काही ना काही ओट्यावर रोज सांडते. संगमरवर, काळी कडप्पा आणि कोटा हे तिन्ही दगड कमीअधिक प्रमाणात चुन्याच्या कुळातले. आंबट पदार्थ चुन्याला खातो. म्हणून त्यांच्यावर फिकट डाग उमटतात. संगमरवराची चकाकी तर लवकर जाते. दुकानातून नमुन्याचा तुकडा आणून त्यावर लिंबाचे चार थेंब टाकावेत आणि काही वेळाने पुसावेत. चमक मंदावली, तर दगडाचे कूळ कळले! तथापि कडप्पा आणि कोटा स्वस्त व टिकाऊ आहेत. डागांची फिकीर नसेल, तर ते आजही उत्तम.

ग्रॅनाइट निराळ्या जातीचा. भूगर्भातील तप्त रस थिजून तो बनला. गारगोटी आणि फेल्डस्पार हे त्याचे मुख्य घटक. आंबटाला किंवा गरम पातेल्याला तो सहसा दाद देत नाही. फिकट रंगाच्या ग्रॅनाइटमध्ये मात्र तेल व हळद मुरण्याचा संभव असतो.

अलीकडे ‘क्वार्ट्झ’ नावाचा कारखान्यात घडवलेला दगड लोकप्रिय झाला आहे. त्यात बहुधा शेकडा नव्वदांहून अधिक भाग गारगोटीच्या चुऱ्याचा असतो आणि तो राळेसारख्या कृत्रिम द्रव्याने सांधलेला असतो. त्यावर डाग सहजी पडत नाहीत. पण चुलीवरून उतरलेला तवा थेट ठेवला, तर ते द्रव्य करपते.

येथवर विचार झाला तो घराच्या सोयीचा. परंतु दगड ओट्यावर बसण्यापूर्वी कोणीतरी तो कापलेला असतो, आणि कापताना गारगोटीची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती फुप्फुसांत खोल जाऊन बसली की सिलिकोसिस जडतो. या व्याधीवर उतारा नाही. तिच्यामागून क्षयाची भीतीही असते. घडवलेल्या दगडात गारगोटी सर्वाधिक, म्हणून धोकाही सर्वाधिक. याच कारणास्तव ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याचा वापर बंद केला.

बडोदेकरांना ही व्याधी परकी नाही. खंभातला अकीक घासणारे कारागीर तिने पिढ्यान्‌पिढ्या ग्रासले आहेत. त्यांच्यासाठी झटणारी पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर ही संस्था बडोद्यातलीच. गोध्र्याकडील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातून आलेले आदिवासी मजूर बळी पडले. त्यांपैकी २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गुजरात सरकारला दिला.

तेव्हा दगड ठरवताना आणखी एक अट घालणे उचित ठरेल. मोरीच्या भांड्याची आणि शेगडीची मापे आधीच पक्की द्यावीत, म्हणजे कापणी घरात न होता कारखान्यातच, पाण्याच्या धारेखाली होईल. घरी थोडे कापणे अटळच झाले, तर ते मोकळ्या जागी, पात्यावर पाणी सोडून व्हावे; कारागिराच्या तोंडाला बारीक धूळ अडवणारा मुखवटा असावा, साधा रुमाल पुरत नाही. धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

अर्ध्या दिवसाच्या कामासाठी बादलीभर पाणी फार नव्हे. ज्या ओट्यावर घरासाठी अन्न शिजावयाचे, तो घडवताना दुसऱ्या घरच्या कर्त्या माणसाचा श्वास खर्ची पडू नये. दगडाची निवड एवढी झाली, म्हणजे रंग कोणताही शोभेल.