कागदावरची कंपनी

कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती आहे. तिला नाव आहे, जन्मवर्ष आहे, पत्ता आहे. शरीर तेवढे नाही. म्हणूनच तिचे सोंग घेणे सोपे. उमेदवाराने पुढे केलेले एखादे अनुभवपत्र पाहा: सुबक मथळा, गोल शिक्का, खाली दूरध्वनीचा क्रमांक. त्या क्रमांकावर विचारणा केली तर पलीकडून होकारही येतो. येणारच, पत्र विकणारा आणि दूरध्वनी उचलणारा बहुधा एकच असतो. तेवढ्यावर समाधान मानणे म्हणजे चोरालाच साक्षीला बोलावणे होय.

चौकशीचा आरंभ पत्राबाहेरच्या नोंदींपासून व्हावयास हवा. भारतात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला अक्षरे व अंक मिळून 21 स्थानांचा ओळखक्रमांक असतो. त्यातील पहिल्या अक्षरानंतरचे पाच अंक व्यवसायाचे, पुढील दोन अक्षरे राज्याची, आणि त्यानंतरचे चार अंक स्थापनेच्या वर्षाचे. अनुभव 2012 पासूनचा आणि क्रमांकात मात्र 2016, असे आढळल्यास तेथेच थांबून विचारले पाहिजे. (जुन्या भागीदारी संस्थेचे पुढे कंपनीत रूपांतर झाले असेल, तर ही विसंगती निर्दोषही असू शकते.)

दुसरी नोंद भविष्यनिर्वाह निधीची. हा निधी सामान्यतः वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो, आणि 2014 पासून सभासदाला नोकरी बदलली तरी कायम राहणारा एकच क्रमांक मिळू लागला. पत्र एका रात्रीत छापता येते. तीन वर्षांचा दरमहाचा भरणा मागाहून उभा करणे तितके सोपे नाही. पगारातून कापलेल्या प्राप्तिकराची नोंदही अशीच बोलकी असते.

परंतु नोंद नाही म्हणून नोकरीच नव्हती, असे मानणे हा घोर अन्याय ठरेल. दहा माणसांच्या कार्यालयात निधी नसतो, अल्प पगारावर कर नसतो. शिवाय 2017-18 मध्ये केंद्र शासनाने दोन लाखांहून अधिक कंपन्या नोंदवहीतून काढून टाकल्या. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 248 व्या कलमानुसार, लागोपाठ दोन वर्षे व्यवहार न करणारी कंपनी अशी वगळता येते. त्यांतल्या काही केवळ कागदी होत्या. पण नाव वगळले गेले म्हणजे ती कंपनी कधी चाललीच नव्हती, असा अर्थ होत नाही. तेथे पूर्वी प्रामाणिकपणे राबलेल्या माणसाने आता कोणाची साक्ष काढावी?

अशा वेळी त्याचे बँकेचे पासबुक मागावे. त्याहून बरे, त्यालाच समोर बसवून विचारावे: कार्यालय कितव्या मजल्यावर होते, शेजारी कोण बसे, पगार उशिरा झाला तर तक्रार कोणाकडे नेत? काम केलेला माणूस क्षणभर आठवतो आणि मग थांबवेपर्यंत सांगत राहतो. विकत घेतलेल्या पत्राच्या धन्याला मथळ्यापलीकडचे काहीच ठाऊक नसते.