परीक्षेची ओळख आणि बुद्धीची पारख



सीमाभागातील मराठी शाळा ज्या पिढीने पदरमोड करून उभ्या केल्या, त्या पिढीतील एका गुरुजींच्या स्मरणार्थ बोलण्याची संधी संस्थेने मला दिली, याबद्दल मी ऋणी आहे. अशा प्रसंगी मोठ्या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज पाचवीच्या वर्गातील एक साधा प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहे. कारण तो घरोघर विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा घाईने दिले जाते. हुशार मुले निवडणाऱ्या प्रवेशपरीक्षांची तयारी पालकांनी मुलांकडून करून घ्यावी काय?

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. जवाहर नवोदय विद्यालयांची योजना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी निगडित आहे. पहिली दोन विद्यालये हरियाणात झज्जर येथे आणि महाराष्ट्रात अमरावती येथे निघाली. आज देशभरात ती साडेसहाशेच्या घरात आहेत. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील कोथळीचे विद्यालय आपणांस परिचित आहेच. खेड्यातील बुद्धिमान मुलाला, घरची ऐपत न पाहता, सहावीपासून बारावीपर्यंत उत्तम निवासी शिक्षण मिळावे, हा या योजनेचा हेतू. म्हणूनच किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि किमान एकतृतीयांश जागा मुलींना दिल्या जातात.

सहावीतील प्रवेश एका निवड परीक्षेवर ठरतो. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ४० प्रश्न, मानसिक क्षमतेचे. उरलेले अंकगणित आणि भाषा यांचे प्रत्येकी २०. मराठीसह अनेक भाषांतून ही परीक्षा देता येते. परंतु सहावीच्या प्रवेशासाठी ती एका मुलाला एकदाच देता येते, आणि एका विद्यालयात फार तर ८० मुले घेतली जातात. एखाद्या अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलीच्या दृष्टीने या दोन तासांवर सात वर्षांचे शिक्षण अवलंबून असते. प्रश्न किती गंभीर आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

या प्रश्नावर पालकांत दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष म्हणतो, ही बुद्धीची परीक्षा आहे, तिची तयारी कसली करायची? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. आडात असेल तर पोहऱ्यात येईल. दुसरा पक्ष म्हणतो, जग स्पर्धेचे आहे. चौथीपासूनच शिकवणी लावा, शेकडो प्रश्नपत्रिका सोडवून घ्या. अशा शिकवण्यांचा व्यवसाय आता गावोगाव पोहोचला आहे. काही ठिकाणी तर प्रवेशपरीक्षेसाठीच मुलांना घरापासून दूर ठेवले जाते. माझ्या मते हे दोन्ही पक्ष अर्धेच खरे आहेत.

पहिल्या पक्षाचा विचार करू. १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी आधुनिक बुद्धिमापनाची पहिली कसोटी सिद्ध केली. ती हुशार मुले वेचून काढण्यासाठी नव्हती. शाळेत मागे पडणारी, विशेष साहाय्याची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी होती. बुद्धी म्हणजे जन्मतःच ठरलेली आणि कधीही न बदलणारी रक्कम, असे बिने मानीत नव्हते. पुढे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी या कसोटीचे कानडी आणि मराठी मुलांसाठी नवे रूप तयार केले. त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला, आणि ‘बिने-कामत कसोटी’ आजही आपल्या देशात वापरली जाते. आपल्याच भागातील भाषांत झालेले हे काम आपल्याला एक मोठी गोष्ट शिकवते. नुसते भाषांतर करून भागणार नव्हते. पॅरिसच्या मुलाच्या जे अंगवळणी पडलेले असते, ते इकडच्या मुलाच्या असतेच असे नाही. कसोटी बुद्धीची असली तरी ती ओळखीच्या वाटेनेच बुद्धीपर्यंत पोहोचते. ही ओळखच नसेल, तर कसोटी बुद्धीऐवजी अनोळखीपणा मोजते.

नवोदयच्या मानसिक क्षमतेच्या प्रश्नांत मुख्यतः आकृत्या असतात. गटात न बसणारी आकृती शोधा, अपूर्ण आकृती पूर्ण करा, आरशातील प्रतिमा ओळखा, कागदाची घडी घालून भोक पाडले तर उलगडल्यावर तो कसा दिसेल ते सांगा. शब्दसंपत्तीचा अडसर ग्रामीण मुलाला होऊ नये, हाच त्यामागचा स्तुत्य विचार. परंतु शहरातील सुशिक्षित घरात असली कोडी मासिकांतून, खेळांतून, थोरल्या भावंडांच्या मार्गदर्शक पुस्तकांतून मुलाच्या हाती सहज पडतात. त्या घरी तयारी झालेलीच असते; केवळ तिला कोणी तयारी म्हणत नाही. याउलट वाडीवरील एकशिक्षकी शाळेतील मूल आरशातील प्रतिमेचा प्रश्न आणि गोल काळे करण्याची उत्तरपत्रिका आयुष्यात प्रथमच परीक्षागृहात पाहते. त्याला ‘तयारी नको’ असे सांगणे हे तत्त्वनिष्ठेसारखे भासले, तरी वस्तुतः तो अन्याय आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. सरावाने अशा कसोट्यांतील गुण वाढतात, हे संशोधकांनी अनेकदा दाखवून दिले आहे. मात्र ही वाढ पहिल्या एकदोन प्रयत्नांत सर्वांत अधिक असते, आणि पुढे ती झपाट्याने कमी होत जाते. शिवाय जी वाढ होते ती त्या विशिष्ट प्रश्नप्रकारांच्या परिचयाची असते. त्यामुळे मूल नव्या अडचणीवर अधिक चांगला विचार करू लागते असे नाही. तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवली म्हणून धान्य वाढत नाही. वर्षभराच्या घोकंपट्टीने कसोटीचे पारडे खाली जाईल. परंतु पारख खोटी ठरेल, आणि ज्याच्या बापाला शिकवणीची फी परवडत नाही त्या मुलाची जागा जाईल. खेड्यातील गरीब मुलासाठी काढलेल्या योजनेचा याहून मोठा पराभव कोणता?

परदेशातही हेच घडले आहे. न्यूयॉर्क शहरात प्रज्ञावंतांच्या वर्गांसाठी अवघ्या चार वर्षांच्या मुलांची परीक्षा घेतली जात असे. तिच्यासाठी शिकवण्या निघाल्या आणि पुस्तके निघाली. परीक्षेचे स्वरूप बदलून पाहिले, तर नव्या स्वरूपाच्याही शिकवण्या निघाल्या. अखेर २०२१ साली त्या वयाच्या मुलांची ती परीक्षा बंद झाली.

मग पालकांनी करावे काय? मी एक साधी कसोटी सुचवितो. मुलाकडून जो अभ्यास आपण करून घेत आहोत, तो उद्या परीक्षाच रद्द झाली तरी मुलाच्या उपयोगी पडेल काय, हे स्वतःला विचारावे. अंकगणिताला आणि भाषेला ही कसोटी लावून पाहा. अपूर्णांक नीट समजले, उतारा वाचून त्याचा अर्थ लागू लागला, तर प्रवेश मिळो वा न मिळो, ते ज्ञान मुलाचेच राहते. तेव्हा या अभ्यासाला संकोच नको. रोज अर्धा तास मराठी पुस्तक वाचणे आणि बाजारहाटाचा हिशेब मुलाला मांडायला लावणे, ही या भागाची उत्तम तयारी होय.

आकृत्यांच्या प्रश्नांबाबत मात्र केवळ ओळख पुरे. तीनचार आठवडे, आठवड्यातून एकदोनदा जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. प्रत्येक प्रकार एकदा नीट समजावून द्यावा. उत्तरपत्रिका भरण्याचा सराव करावा. वेळेचा अंदाज द्यावा. दोन तासांत ८० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि अडलेला प्रश्न सोडून पुढे जाणे हीसुद्धा एक विद्या आहे. एवढे झाले की थांबावे. दहा वर्षांच्या मुलाचे खेळणे, भटकणे, निरर्थक वाटणारे प्रश्न विचारणे, हीच बुद्धीची खरी मशागत आहे. परीक्षेसाठी तीच मोडली तर हाती काय उरेल?

आणि ही ओळख करून देणे प्रत्येक घराला जमणार नाही, म्हणून ते शाळेचे काम आहे. पाचवीच्या सर्व मुलांना, निवडक चौघांना नव्हे, आणि विनामूल्य. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी दोघातिघांनी परीक्षेपूर्वीचे चार शनिवार जवळच्या एका खेड्यातील मराठी शाळेला दिले, तर गुरुजींच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन दुसरे होणार नाही.

शेवटचा मुद्दा निकालाचा. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियात प्रज्ञावंत मुले शोधून त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या चाचणीत जी मुले निवडली गेली नाहीत, त्यांत विल्यम शॉक्ले आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, पहिल्यास १९५६ साली आणि दुसऱ्यास १९६८ साली. चाचण्या निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. जागा थोड्या असल्या की कोणती तरी चाळण लावावीच लागते. परंतु चाळणीतून खाली राहिलेले सारेच भूस नसते.

म्हणून घरात एक शब्द कटाक्षाने टाळावा. निवड परीक्षेत कोणी ‘नापास’ होत नाही. जागा मर्यादित असतात आणि काहींची निवड होते, इतकेच. हे मुलाला निकालानंतर नव्हे, तर परीक्षेपूर्वी सांगितले पाहिजे. नंतर सांगितले तर ते सांत्वन वाटते, आधी सांगितले तर आधार वाटतो. तसेच निवड झाली, तर घर सोडून राहण्याची मुलाच्या मनाची तयारी आहे काय, हेही त्याला आधीच विचारावे. अकराव्या वर्षी आईपासून दूर जाणे ही गुणांच्या बेरजेत न येणारी परीक्षा आहे.

सारांश, परीक्षेची ओळख हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, तो त्याला मिळालाच पाहिजे. आणि बालपण हाही त्याचा हक्क आहे, तो परीक्षेसाठी गहाण टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. या दोहोंतील सीमारेषा ओळखणे, ही पालकांची परीक्षा.