मनाली ते लेह: पाच खिंडी आणि रात्रीचे मुक्काम



मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खंडाळ्याचा चढ सर्वांत आधी पार करणाऱ्या स्पर्धकाला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत तो पाचशे मीटरच्या आसपास चढतो. मनालीहून लेहला सायकलने निघालेल्या माणसासमोर पहिली खिंड येते ती रोहतांगची. तिथे एक्कावन्न किलोमीटरमध्ये १९०० मीटरहून जास्त चढायचं असतं. म्हणजे एकावर एक जवळजवळ चार खंडाळे. आणि या वाटेवरच्या पाच खिंडींत रोहतांग सगळ्यांत बुटकी आहे.

रोहतांग ३९७८ मीटर, बारालाचा ला सुमारे ४८९० मीटर, नकी ला ४७०० मीटरच्या वर, लाचुलुंग ला ५००० मीटरच्या पुढे आणि शेवटची टांगलांग ला ५३२८ मीटर. ‘ला’ म्हणजे खिंड. जुन्या रस्त्याने हे अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या घरात जातं. सामान लादलेल्या सायकलीवर बहुतेकांना आठ ते दहा दिवस लागतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पुण्या-मुंबईचे, नाशिकचे गट या रस्त्यावर हमखास भेटतात. सिंहगड, ताम्हिणी, आंबेनळी असा सराव करून आलेली ही मंडळी असतात. त्यांच्या पायांत ताकद भरपूर असते. अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी.

रस्ता फार उभा आहे अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाही. हा रस्ता सीमा सडक संघटनेने लष्कराचे भरलेले ट्रक चढतील अशा बेताने आखलेला आहे. बारालाचा ओलांडल्यावर लागणाऱ्या सरचूच्या पुढचे ‘गाटा लूप्स’ पाहिले की हे कळतं. एकवीस वळणं घेत रस्ता डोंगराच्या अंगावर साडेचारशे मीटरहून जास्त चढतो, पण कुठेही छातीवर येत नाही. पायवाटेने सरळ वर जाता येईल असा मोह होतो, इतकी वळणं एकमेकांजवळ आहेत. यातल्या एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. बंद पडलेल्या ट्रकपाशी थांबलेला एक क्लीनर इथे थंडीने आणि तहानेने मेला, तो अजून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागतो, अशी आख्यायिका ड्रायव्हर सांगतात आणि बाटली ठेवून पुढे जातात. घसा कोरडा पडलेल्या सायकलस्वाराला मात्र तिथल्या एकाही बाटलीला हात लावायचा धीर होत नाही.

असा रस्ता चढायचा तर गिअर हलके हवेत. पुढच्या छोट्या चकतीला चोवीस दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला चौतीस, अशी जोडी घेतली तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तरी वेग तासाला साडेपाच किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. टांगलांग लाच्या पायथ्याशी असलेल्या डेब्रिंगपासून खिंडीपर्यंतच्या वीसेक किलोमीटरला म्हणूनच तीन-चार तास सहज जातात.

गिअरची ही चैन पूर्वी नव्हती. टूर दि फ्रान्स शर्यत १९१० साली पिरेनीजमधल्या २११५ मीटर उंचीच्या तुरमाले खिंडीवरून गेली, पण तिथल्या स्पर्धकांना साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारे डिरेलर गिअर वापरायची मुभा मिळाली ती थेट १९३७ साली. आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी १९६३ साली एकट्या सायकलने भारतात आल्या. आशियातल्या रस्त्यांवर टिकणार नाही म्हणून निघण्याआधीच त्यांनी सायकलचा तीन गतींचा गिअर काढून टाकला होता. पाकिस्तानातली ४१७३ मीटर उंचीची बाबूसर खिंड त्यांनी पार केली, ती बरीचशी बर्फातून सायकल ओढत आणि उचलत.

तर चढ जमतो, गिअर साथ देतात. मग लोक परत का फिरतात? त्याचं उत्तर रस्त्यावर नाही, रात्रीच्या अंथरुणात आहे. पाच हजार तीनशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच येतो. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरता येतं, झोप मात्र एकाच उंचीवर सहा-सात तास काढावी लागते. म्हणून डॉक्टर सांगतात की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच असू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं.

हा हिशोब या रस्त्यावर मांडून पाहिला की खरी अडचण दिसते. रोहतांग ओलांडून माणूस लाहौलमध्ये उतरतो. सिस्सू, केलांग, जिस्पा, दारचा ही सगळी गावं ३१०० ते ३४०० मीटरच्या पट्ट्यात आहेत. चंद्रा आणि भागा या नद्या तांदीला मिळतात, भागेच्या काठाने रस्ता हळूहळू वर सरकतो, बटाट्याची आणि वाटाण्याची शेतं लागतात. इथपर्यंत शरीर कुरकुरत नाही. तांदीच्या पेट्रोल पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी वर्षानुवर्षं प्रसिद्ध होती. मोटारसायकलवाले तिथे कॅन भरून घेत. सायकलवाल्याचं इंधन वरण-भात, तो तंबूतंबूत मिळतो. त्याची चिंता पुढे सुरू होते.

दारच्यानंतर बारालाचा आडवा येतो. दारच्यात झोपून दुसऱ्या दिवशी थेट सरचू गाठलं तर मुक्कामाची उंची एका रात्रीत नऊशे मीटरने वाढते. जाणकार म्हणून मध्ये पत्सेव आणि झिंगझिंगबार इथे एकेक रात्र काढतात. झिंगझिंगबारहून सकाळी निघालं की सूरज ताल या तळ्याच्या कडेने खिंड गाठायची आणि पलीकडे सरचूला उतरायचं. चढाई सहाशे मीटरची होते, पण झोप जवळपास कालच्याच उंचीवर मिळते.

या रस्त्याचा सापळा सरचूत आहे. झिंगझिंगबारपासून टांगलांग लाच्या पलीकडच्या रुमत्सेपर्यंत, म्हणजे दोनशे किलोमीटरहून जास्त, हा रस्ता चार हजार मीटरच्या खाली कुठेच येत नाही. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. पण सरचू किंवा पांग इथे त्रास सुरू झाला तर खाली जाण्यासाठी आधी वर जावं लागतं. सरचूच्या मागे बारालाचा आणि पुढे लाचुलुंग, पांगच्या मागे लाचुलुंग आणि पुढे टांगलांग. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथवर ठीक आहे. त्यावर तिथेच थांबून विश्रांती घ्यायची. पण तंबूबाहेर सरळ रेषेत, टाचेला बोटं लावत दहा पावलं टाकायला सांगितली आणि माणूस झोकांड्या खाऊ लागला, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला सुरू झाला, तर सायकल ढाब्यावर ठेवून मिळेल त्या गाडीने त्याला खाली न्यावं लागतं.

बारालाचापलीकडचं भरतपूर, तसंच सरचू आणि पांग, ही गावं नव्हेत. उन्हाळ्यात उभे राहिलेले तंबू आहेत, बर्फ पडू लागलं की ते गुंडाळले जातात. लष्करी पॅराशूटच्या कापडाचं छत, मध्ये चूल, तिच्याभोवती गाद्यांची रांग. राजमा-चावल, आम्लेट, मॅगी आणि हवा तेवढा चहा. याच ढाब्यांवर उद्याच्या रस्त्याची बातमी मिळते, कुठल्या नाल्याला किती पाणी आहे ते कळतं. नाल्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळलं की पाणी चढतं आणि पहाटे उतरतं. सकाळी घोट्याएवढा असलेला प्रवाह चार वाजता गुडघ्यावर येतो. मग बूट हॅंडलला बांधायचे, सायकल खांद्यावर घ्यायची आणि दगड चाचपत पलीकडे जायचं. बधिर पायांवर कोरडे मोजे चढवले तरी बोटांना जाग यायला बराच वेळ लागतो.

पांगनंतर मोरे मैदान लागतं. ४७०० मीटरवर चाळीसेक किलोमीटर जवळजवळ सपाट रस्ता. नकाशावर सोपा वाटणारा हा टप्पा वाऱ्यामुळे जीव काढतो. उन्हाने जमीन तापली की दुपारी वारा सुटतो. तो समोरून आला तर सपाटीवरही चढाचा गिअर टाकावा लागतो. म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत डेब्रिंग गाठायचं, हा इथला शिरस्ता.

खिंडींच्या माथ्यावरच्या पाट्यांवर मात्र फार विसंबून राहू नये. लेहजवळच्या खारदुंग लावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट, म्हणजे ५६०२ मीटर लिहिलेलं होतं. आधुनिक मोजणीत ती ५३५९ मीटर भरली. सीमा सडक संघटनेने उमलिंग लावरून १९,०२४ फुटांवर रस्ता नेला आणि २०२१ साली त्याची गिनेस बुकात नोंद झाली, तेव्हा सर्वांत उंच रस्ता म्हणून खारदुंगला मिळणारा मान तसाही गेलाच.

आता हा मार्गही बदलतो आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने घटलं. गाड्यांचा लोंढा बोगद्यात गेला, रोहतांगचा घाट शांत झाला. अनेक सायकलस्वार मुद्दाम जुन्या घाटानेच जातात. मढीला ३३०० मीटरवर एक रात्र आणि मग रोहतांग, हा शरीराला उंचीचा पहिला धडा असतो. बोगद्याने गेलं की तो चुकतो.

दारच्याजवळ आता दुसरी वाटही फुटते. शिंकू ला ओलांडून झंस्कारमध्ये, पदुमला, आणि तिथून झंस्कार नदीच्या काठाने निम्मूला सिंधूच्या खोऱ्यात. शिंकू ला पाच हजार मीटरच्या वर आहे, पण ती पार झाली की रस्ता झपाट्याने खाली येतो आणि पदुमच्या सुमारे ३६५० मीटरवर निवांत झोपता येतं. सरचूसारखं दोन खिंडींमध्ये अडकणं इथे नाही. शिंकू लाखालच्या ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचं काम जुलै २०२४ मध्ये सुरू झालं. तो पूर्ण झाला की या वाटेवरची वाहतूक वाढेल. सध्या गाड्या कमी आणि ढाबेही विरळ, त्यामुळे झंस्कारमार्गे जाणारे तंबू, स्टोव्ह आणि दोन दिवसांचा शिधा सायकलवरच बांधून घेतात.